दक्षिण गंगोत्री, मार्गे गोवा

आमच्या नेसरीला चिठ्ठीची ताकद सांगावी लागत नाही. बहलोलखानाला सोडून दिलं म्हणून महाराजांनी प्रतापराव गुजरांना चिठ्ठीतून कडक शब्दांत सुनावलं, असं बखरी सांगतात. पुढे २४ फेब्रुवारी १६७४ ला ते सहा स्वारांनिशी इथल्या खिंडीत खानाच्या फौजेवर तुटून पडले. पण बापानं पोरांना लिहिलेल्या चिठ्ठ्या शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. त्यांची मनीऑर्डर यायची, तिच्या तळाच्या चिटोऱ्यावर दोन ओळी: मी खुशाल आहे, पोरांनी अभ्यास करावा. परळच्या चाळीपासून समुद्र तो कितीसा लांब! पण भरती-ओहोटी आम्हाला कळली ती भूगोलाच्या पुस्तकातूनच.

म्हणूनच अंटार्क्टिकाला गेलेल्या बापांच्या पत्रांचं मला कुतूहल वाटतं. आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या हाताखाली एकूण २१ माणसं, आणि ९ जानेवारी १९८२ ला तिथं पोचेपर्यंत सगळा मामला गुपचूप. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे ठाणं उभं राहिलं. (याच मोहिमेत नागपूरच्या अदिती पंत होत्या, तेव्हा मोहिमा बापांच्याच असतात असं कुणी समजू नये.) पाठोपाठ १९८४ मध्ये तिथं टपालही सुरू झालं. पहिल्या वर्षात सुमारे १०,००० पत्रांवर शिक्के पडले. तिकिटं जमवणाऱ्यांची चंगळच झाली.

माझं लक्ष मात्र वेळापत्रकावर आहे. जहाज जायचं ते तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या थंडीच्या दिवसांत. ठाण्यावर मागं राहिलेल्यानं एप्रिलमध्ये पत्र लिहिलं, तर ते न्यायला जहाज यायचं वर्षाअखेरीला. तिसरीतल्या पोराला लिहिलेलं पत्र चौथीतलं पोर वाचणार. 'ताप उतरला का' असं विचारून काय उपयोग? अभ्यासाची ताकीदही शिळी झालेली. मग लिहिण्याजोगं उरतं ते न विटणारं: सूर्य बुडाला आणि जवळजवळ दोन महिने उगवलाच नाही, ठाण्यावर बर्फ चढत चालला आहे, दारातून आत जायच्या ऐवजी आता खाली उतरावं लागतं. दक्षिण गंगोत्री खरोखरच अशी गाडली गेली आणि १९८९ मध्ये शिर्माकरच्या खडकावर मैत्री हे नवं ठाणं बांधावं लागलं. उशिरामुळे बापाच्या हातातली छडी सुटते आणि डोळे उघडतात, असं माझं मत आहे.

नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या इंदिरेला पृथ्वीच्या जन्माबद्दल पत्रं लिहिली. पत्रं उत्तम, पण ज्ञान वाचलेलं. मोहिमेवरचा बाप 'हे असं का होतं ते आम्हालाही अजून उमगलेलं नाही' असं लिहू शकतो. मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आपल्या घरांत पोरांच्या कानावर कितीदा पडतं?

यात दूर गेलेल्या बापाची आरती ओवाळायची नाही. तो तिकडे बर्फ मोजत असताना ताप, फी, म्हातारी माणसं हे सगळं इकडे आईनं एकटीनं निभावलं, आणि तिच्या पत्रांवरचा शिक्का कुणी जमवला नाही. आता व्हिडिओ कॉलवर रोज तोंड दिसतं, हे बरंच झालं. त्यासाठी हळहळायचं कारण नाही.

५ एप्रिल २०२४ ला अंटार्क्टिकावरच्या आपल्या भारती ठाण्यावरही टपाल उघडलं, पिन एमएच-१७१८. पुन्हा पाकिटं निघतील, शिक्के पडतील, अल्बम भरतील. आतला कागद मात्र कोण जपतंय?

गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची किती माणसं लष्करात, आरमारात, जहाजांवर गेली. त्यांतलं कुणी अशा मोहिमेवर गेलं असेल, तर घरातली ट्रंक एकदा उघडा. पत्राची झेरॉक्स गावच्या वाचनालयात द्या, आईचं उत्तर सापडलं तर तेही जोडा. आणि कृपा करून तिकीट कापून घेऊ नका; कात्रीबरोबर मागच्या दोन ओळी जातात.