मनाई आणि मुदत

परीकथांवरून प्रेमकादंबरी कशी लिहावी, याचे सल्ले हल्ली उदंड झाले आहेत. एक गुलाब घ्या, एक शापित नायक घ्या, नायिकेच्या हाती तलवार द्या, की झाली ‘आजची’ कथा. त्यावर तुटून पडणारेही तितकेच उथळ. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चे नाव निघायचा अवकाश, ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणून ते मोकळे होतात. १९७३ साली स्वीडनमधल्या बँक-दरोड्यातल्या ओलिसांवरून निघालेली ही संज्ञा अठराव्या शतकातल्या फ्रेंच कथेला चिकटवायची, आणि कोंडणाऱ्यावरच प्रेम करायला मुलींना ती शिकवते असे ठरवून टाकायचे! हे लोक मूळ कथा वाचत नाहीत असे मी म्हणणार नाही; वाचल्याची खूण मात्र कुठे दिसत नाही.

मादाम द व्हिलनव्हने १७४० साली ही कथा ऐसपैस लिहिली. लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम लप्रँस द बोमाँने १७५६ मध्ये ती आटोपशीर केली, आणि तीच पुढे जगभर गेली. तिच्यातल्या वाड्यात एका दारावर ‘ब्यूटीचे दालन’ असे लिहिलेले आहे. आत पुस्तके आहेत, वाजवायला वाद्य आहे. ‘इकडे पाऊल टाकू नकोस’ असे तिला कोणी सांगत नाही. बीस्ट रोज रात्री जेवणाच्या वेळी येतो, लग्नाचे विचारतो, नकार ऐकतो, सुस्कारा टाकून निघून जातो. आजारी बापाला भेटायचे ती म्हणते, तेव्हा आठवड्याच्या बोलीवर तिला पाठवतो. परत यायचे झाले तर अंगठी टेबलावर काढून ठेवायची आणि झोपायचे. पहिल्यांदा निरोप देताना ज्या बहिणींनी डोळ्यांना कांदा चोळून रडे आणले होते, त्याच आता लाडीगोडी लावून तिला ठेवून घेतात. मुदत उलटते. तिला धरून न्यायला कोणीही येत नाही. दहाव्या रात्री स्वप्नात मरायला टेकलेला बीस्ट दिसतो, आणि अंगठी ती आपल्या हाताने काढते.

‘तू आली नाहीस तर मी दुःखाने मरेन’ हे बीस्टचे बोलणे दडपणच आहे, कबूल. बापाचा जीव वाचवण्यासाठी ती मुळात तिथे आली, हेही कबूल. पण या कथेच्या शेजारी पेरोची १६९७ सालची ‘ब्लूबिअर्ड’ ठेवून पाहा. तिथेही श्रीमंत पुरुष, तिथेही एकटी नववधू. तो सगळ्या किल्ल्या तिच्या हाती देतो आणि एका खोलीची मनाई करतो. त्या खोलीत आधीच्या बायकांची प्रेते आहेत. ब्लूबिअर्ड मनाई करतो, बीस्ट मुदत देतो. मनाई मोडली की शिक्षा ठरलेली. मुदत मोडली की निर्णय मोडणाऱ्याच्याच हाती राहतो. (शंतनूला गंगेने घातलेली अट मनाईच्या जातीची, म्हणूनच त्या संसाराचा शेवट आधीपासून दिसत असतो.) १९९१ च्या डिस्ने चित्रपटाने वाड्याच्या पश्चिम भागाला मनाई घातली, म्हणजे ब्लूबिअर्डची खोली बीस्टच्या घरात आणून बसवली. स्टॉकहोमवाल्यांचा सगळा राग खरे तर या उसन्या खोलीवर आहे.

 

कादंबरीकारांना मात्र हा फरक बोलून न दाखवता कळलेला असतो. ‘जेन आयर’मध्ये (१८४७) थॉर्नफिल्डच्या तिसऱ्या मजल्यावरचा बोळ पाहून जेनला ब्लूबिअर्डचाच वाडा आठवतो. रॉचेस्टरकडे मनाई आहे, मुदत नाही, म्हणून जेनला पहाटे चोरून निघावे लागते. ती परतते तेव्हा वाडाच जळालेला असतो. कुलूप लावायला खोली उरलेली नसते. ‘रिबेका’त (१९३८) नवऱ्याने पहिली बायको मारल्याचे दुसरीला कळते आणि ती त्याच्यापाशीच राहते. या पुस्तकाला प्रेमकथा म्हणतात याचे मला अजून नवल वाटते.

सारा जे. मास यांच्या २०१५ च्या कादंबरीत बीस्टच्या जागी टॅमलिन आहे. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या भागात तो नायिकेला तिच्या भल्यासाठी म्हणून घरात कोंडतो, आणि तिचे मन त्याच्यावरून उडते ते कायमचे. जुन्या कथेची ही स्त्रीवादी दुरुस्ती म्हणून टाळ्या पडल्या. मला यात दुरुस्ती दिसत नाही. बोमाँच्या बीस्टने एक दार जरी लावून घेतले असते, तरी ब्यूटीने अंगठी बोटातच ठेवली असती.