आशा कशाला म्हणावे?



१६ मे २०२१ रोजी, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या रविवारी, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला भिडले. माड पडले, कौले उडाली. कोरोनामुळे चर्चही बंदच होते.

स्वर्गारोहणाच्या वाचनात प्रेषित आकाशाकडे पाहत राहतात, तेव्हा त्यांना विचारले जाते, का उभे आहात? मग ते यरुशलेमला परततात, एकत्र प्रार्थनेला बसतात.

‘सगळे ठीक होईल’ ही आशा नव्हे, फार तर समजूत. आशेला हात लागतात. रापण ओढताना मासळी अजून कोणी पाहिलेली नसते, तरी सगळे दोर धरतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो.

मागच्या बाकावरचे कोणी दोन रविवार मिस्साला दिसले नाही, तर विचारायला त्याच्या घरी कोण जाते?