बघून झालं!

मराठी माणूस आयुष्यभर जितकं बघतो तितकं जगात दुसरं कुणी बघत नसावं. आपण नुसतं डोळ्यांनी बघत नाही. आपण आमटीची चव बघतो, नाडी बघतो, पत्रिका बघतो, मुलगी बघतो आणि जमलं नाही तर दुसरी बघतो. रागावलो की समोरच्याला 'बघून घेतो', आणि अगदीच हात टेकले की 'आता देवच बघेल' म्हणून मोकळे होतो. इतका सराव असलेल्या माणसाला परदेशात नेलं आणि 'आज दिवसभर नुसतं बघायचं' असं सांगितलं, तर त्यात अवघड ते काय? पण पंचाईत होते ती तिथेच. संध्याकाळी कुणी विचारलं, "काय काय बघितलंत?" तर यादी धडाधड सांगता येते. बघितलं म्हणजे नेमकं काय केलं, हे मात्र सांगता येत नाही.

उदाहरणादाखल आमचाच एक दिवस घ्या. मुलगा-सून लीड्सला असतात. त्यांनी उन्हाळ्यात आम्हां दोघांना आठवडाभर आइसलँडला नेलं. तिथे 'गोल्डन सर्कल' नावाचा एक फेरा आहे. सकाळी रेक्याविकहून मोटारीनं निघायचं, थिंगवेल्लिर, गेसीर आणि गुलफॉस अशी तीन ठिकाणं करायची आणि सुमारे अडीचशे किलोमीटर तोडून रात्री मुक्कामाला यायचं. म्हणजे आपल्या अष्टविनायकासारखंच, फक्त देव पाच कमी.

आता गाडीतली व्यवस्था ऐका. सून गाडी चालवत होती, म्हणजे रस्ता बघत होती. मुलगा तिच्या शेजारी बसून नकाशा बघत होता. सात वर्षांचा नातू मोबाईलवर कार्टून बघत होता. आमची ही मांडीवर पिशवी घेऊन सगळ्यांच्या खाण्यापिण्याचं बघत होती. आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो. गाडीत पाच माणसं, पाचही जणं बघणारी. त्यातल्या एकाच्याच बघण्याला साइटसीइंग म्हणायचं, आणि नेमका त्याच्याच बघण्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही!

पहिलं ठिकाण थिंगवेल्लिर. इ. स. 930 साली इथल्या लोकांनी उघड्या माळावर आपली संसद भरवली. तेव्हा कायदे लिहिलेले नव्हते. 'कायदा सांगणारा' म्हणून एक गृहस्थ नेमलेला असे आणि तो दर उन्हाळ्यात एक तृतीयांश, याप्रमाणे तीन वर्षांत सगळे कायदे तोंडपाठ म्हणून दाखवी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पार्किंगचा एक नियम पाठ नाही. याच जागी पृथ्वीच्या कवचाचे दोन मोठे तुकडे, एक अमेरिकेकडचा आणि एक युरोपकडचा, एकमेकांपासून दूर सरकताहेत. वेग वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर. फलकावरची ही माहिती मी वाचून दाखवली तेव्हा ही म्हणाली, "बरं आहे की, सावकाश जातात. सवय व्हायला वेळ तरी मिळतो."

मुलगा तेव्हा पुढचं वळण शोधत होता, त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. सुनेनं ऐकलं असावं. ती काही बोलली नाही; हिची शाल वाऱ्यानं उडत होती ती नीट गुंडाळून दिली आणि म्हणाली, "आई, गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडा हं. इथल्या वाऱ्यानं दार उलटं वाकतं."

दुसरं ठिकाण गेसीर. आपल्या न्हाणीघरात जो गिझर असतो त्याचं नाव या गावच्या कारंज्यावरून पडलंय. मूळचं कारंजं हल्ली बहुतेक झोपूनच असतं. शेजारचं स्ट्रोक्कुर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी उकळतं पाणी पंधरा-वीस मीटर उंच उडवतं. भोवती शे-दीडशे माणसं मोबाईल उगारून वाट बघत उभी. पाण्याला निळा फुगा आला आणि फुटला. ते हवेत असताना सगळ्यांनी ते मोबाईलवर बघितलं, आणि खाली आल्यावर पुन्हा मोबाईलच बघितला, आपण काय बघितलं ते बघायला! सून बाकावर डोळे मिटून बसली होती. जन्मभर डाव्या बाजूनं गाडी चालवायची आणि इथे उजव्या. त्यात रस्त्यावर कुठूनही मेंढ्या येतात.

"अगं, उडालं बघ!" मी म्हणालो.

"असू दे बाबा, परत उडेल."

परत उडालं तेव्हा ती नातवाची कानटोपी शोधत होती.

तिसरं गुलफॉस. दोन टप्प्यांत बत्तीस मीटर खाली येणारा प्रचंड धबधबा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवलदारांना त्यावर वीज करायची होती. शेजारच्या शेतावर सिग्रिदुर तोमासदोत्तिर नावाची एक बाई राहायची. पाहुण्यांना धबधब्यापर्यंत नेणारी पहिली पायवाट तिनं आणि तिच्या बहिणींनी घातली होती. ती या बेताविरुद्ध उभी राहिली. शंभरावर किलोमीटर चालत रेक्याविकला खेटे घातले, असं सांगतात. कोर्टात ती हरली. पण भाडं थकलं आणि करार मोडला. तिचे वकील स्वेइन ब्योर्नसन पुढे 1944 साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. ती मात्र शेतावरची बाईच राहिली; 1957 साली वारली. धबधब्याजवळ तिच्या चेहऱ्याचा दगड आहे. तिनं धबधबा बघितला, असं आपण म्हणू तेव्हा कुठल्या अर्थानं म्हणायचं?

आपल्या भाषेत बघण्याचा आणखी एक अर्थ आहे. मुलगा परदेशी असलेल्या आईबापांना तो लग्नामुंजीत हमखास ऐकायला मिळतो : "आता तुम्हांला कोण बघतं?" इथे डोळ्यांचा संबंध नाही. दुकान धाकटा बघतो, शेती थोरला बघतो, म्हाताऱ्यांना कुणीतरी बघतं. गंमत अशी की, या अर्थानं जो बघतो त्याला पहिल्या अर्थानं बघायला सवड होत नाही. त्या दिवशी आम्हांला सगळं दिसलं, कारण सुनेला काही दिसलं नाही. मग हिशेब कसा मांडायचा? तिच्या वाटणीचे डोंगर माझ्या खात्यात जमा झाले, ते न्याय्य का?

मला वाटतं, त्यावर तोडगा एकच. ज्याला बघायची मोकळीक मिळाली त्यानं ती फुकट घेऊ नये. दुसऱ्याच्या वतीनंही बघावं. नीट बघावं आणि मुक्कामाला पोचल्यावर, चहा आपण करून, त्या माणसाला सावकाश सांगावं. आणि उद्या किल्ली दुसऱ्या हातात द्यावी. स्थळं बघून होतात. माणसांना बघणं संपत नाही, ते पाळीपाळीनं करायचं असतं.

तेव्हा वाचकहो, कधी परदेशात मोटारीनं हिंडलात तर एवढं करा. आणि कृपा करून मागच्या सीटवरून रस्ता दाखवू नका. तो बघायला एक माणूस आधीच बसलेलं असतं.