फाटक नसलेलं स्टेशन

म्युनिकच्या भुयारी रेल्वेत पहिल्यांदा उतरणारा मराठी प्रवासी हातात तिकीट घेऊन ते दाखवायची जागा शोधत राहतो. पुण्याच्या मेट्रोत तिकीट स्कॅन केल्याशिवाय दार उघडत नाही. इथे दारच नाही. सरकत्या जिन्याने थेट फलाटावर! वाटेत एक छोटी निळी पेटी असते. तिच्या फटीत तिकीट घातलं की त्यावर तारीख-वेळ उमटते. शिक्का लागणाऱ्या तिकिटावर तो नसेल, तर पैसे मोजलेले असूनही तुम्ही फुकटे. साध्या कपड्यातला तपासनीस समोर उभा राहिला की ६० युरो दंड; ‘नवीन आहे हो, माहीत नव्हतं’ हे सहसा कुणी ऐकून घेत नाही. मोकळ्या फलाटाने सुखावलेल्या पाहुण्याची अशी वरात निघते, तेव्हा अख्खा डबा खिडकीबाहेर बघत असतो.

‘आपल्याकडे हे चालणंच शक्य नाही,’ असं सहलीच्या ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच. मला ते मुळीच पटत नाही. मुंबईची लोकल पिढ्यान्‌पिढ्या याच तत्त्वावर धावते आहे. चर्चगेटला ना फाटक, ना स्कॅनर. खिशात पास असल्याची खात्री ज्याची त्याला, आणि अधूनमधून गाठ पडणारा टीसी. लाखो माणसं रोज पास काढून जातात, हे आपण आपल्या खाती कधी जमाच धरत नाही. बाहेरच्या देशात तेच पाहिलं की मात्र ती शिस्त वाटते.

जर्मनीत गावाबाहेरच्या रस्त्यालगत ग्लॅडिओलस आणि सूर्यफुलांची शेतं लागतात. विक्रेता कुणीच नसतो. फलकावर एका दांड्याचा भाव लिहिलेला, दोरीला सुरी बांधलेली. हवी तेवढी फुलं कापायची आणि पैसे पेटीत टाकायचे. आपली माणसं फुलं घेतात, पैसे टाकतात, तरी निघताना दोनदा मागे वळून बघतात. मालकाने आपल्याला पैसे टाकताना पाहिलं असतं तर बरं, असं त्यांना मनापासून वाटतं. प्रामाणिकपणालाही साक्षीदार लागतो, ही सवय आपल्यात किती खोल गेली आहे! त्या पेटीकडे मात्र नीट बघावं. ती लोखंडी असते, कुलूपबंद, जमिनीत घट्ट रोवलेली. शेतकरी भोळा नाही. फुलं जातील तेवढी जातील, पण गल्ला कुणाला नेता येणार नाही, एवढा हिशेब त्याने केलेला आहे. मला हा विश्वास जास्त मोलाचा वाटतो, कारण तो डोळे उघडे ठेवून केलेला आहे. तिकडची माणसं जन्मतःच सज्जन असतात, हे प्रवासवर्णनांतलं लाडकं मत त्यापुढे फार उथळ वाटतं.

बाटलीचा धडा सगळ्यात मजेदार. पाणी पिऊन झालं की बाटली चुरगळून टाका, असं आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं. जबाबदार नागरिक ती नेमाने चुरगळतो. जर्मनीत तीच जबाबदारी अंगाशी येते. २००३पासून तिथे एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत घेतली जाते. आज ती प्रत्येकी २५ सेंट आहे. सुपरमार्केटमधल्या यंत्राच्या तोंडात बाटली घातली की ते ती गोल फिरवून तिच्यावरची खूण वाचतं, गिळतं आणि शेवटी पावती देतं. चुरगळलेली बाटली त्याला वाचता येत नाही, मग ते ती परत बाहेर ढकलतं. ती फुगवून सरळ करू पाहणारे पाहुणे यंत्रापुढे दिसतात, आणि मागच्या रांगेतले लोक थांबून राहतात.

पण कितीतरी जर्मन माणसं बाटली यंत्रापर्यंत नेतच नाहीत. ती कचरापेटीत न टाकता पेटीच्या शेजारी उभी ठेवतात. कारण अशा बाटल्या गोळा करत फिरणारी माणसं आहेत, त्यांत पेन्शन पुरत नाही असे म्हातारेही आहेत, आणि त्यांना घाणीत हात घालावा लागू नये. काही शहरांनी त्यासाठी कचरापेट्यांना बाहेरून बाटल्या ठेवायची कडीही बसवली. ही सोय माणुसकीची आहे, यात मला शंका नाही. तरी एवढ्या श्रीमंत देशात तिची गरज पडावी, हे मला खुपतं. पेन्शन वाढवण्यापेक्षा पेटीला कडी बसवणं फार स्वस्त पडतं.