बुडणार हे ठाऊक असताना

घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, हे आमच्या पिढीला वेगळं शिकवावं लागलं नाही. या जन्मी राहिलं तर पुढच्या जन्मी सावकाराच्या दारात बैल होऊन राबावं लागतं, असं म्हातारी माणसं सांगायची. देणाऱ्याच्या पुढच्या जन्माचं मात्र कुणी काही सांगितलं नाही.

अमेरिकेत नॅव्हिएंट नावाची शिक्षणकर्जाची मोठी कंपनी आहे. २०१४ साली ती सॅली मे या कंपनीतून वेगळी निघाली. जानेवारी २०२२ मध्ये तिनं तिथल्या ३९ अ‍ॅटर्नी जनरलांशी, म्हणजे मुख्य सरकारी वकिलांशी, तडजोड केली. आरोप असा होता की, नफ्यासाठी चालणाऱ्या, जिथून फार थोडी पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात अशा कॉलेजांतल्या मुलांना कर्जं दिली, आणि त्यातली बरीच फिटणार नाहीत हे देणाऱ्याला आधीच ठाऊक होतं.

मग दिली कशाला? तर त्या कॉलेजांनी आपली बाकीची, सरकारी हमीची कर्जं याच कंपनीकडून घ्यावीत म्हणून. गळाला गांडूळ लावतात, तसं. गांडूळ कोण, ते तुम्हीच ओळखा.

कंपनीनं आरोप मान्य केला नाही. पण सुमारे ६६ हजार जणांची १७० कोटी डॉलरची कर्जं माफ केली.

कुणी म्हणेल, सही केली होती ना? हेच आपल्याकडंही म्हणत होते. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे जाळले. त्यांचा राग कागदावर होता. पुढं १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. नुसता रोखा बघून निकाल देऊ नका, मूळ व्यवहार काय झाला तो तपासा, असं त्यानं कोर्टाला सांगितलं.

मला वाटतं, न्याय तिथंच आहे. पाऊस दगा देतो, कर्ज थकतं. त्यात दोघांचंही पाप नाही, आणि फेडायची जबाबदारी घेणाऱ्याचीच. पण उगवणार नाही हे माहीत असून बियाणं विकलं, तर पेरणाऱ्याला दोष कसा देणार? अठरा वर्षांच्या पोराला कॉलेजची आतली गोष्ट काय कळणार? ती कळत होती देणाऱ्याला. ज्याला जास्त कळतं, त्यानं नुकसानीत जास्त वाटा उचलावा.

आता आपल्याही पोरांच्या शिक्षणकर्जावर बापाची सही लागते. ती जरूर करावी, शिक्षणाला पाठ दाखवू नये. पण कर्ज किती मिळतंय यापेक्षा, त्या कॉलेजातली किती पोरं पास होऊन कामाला लागली, हे आधी विचारावं. कर्ज देणारा ते सांगायला तयार नसेल, तर त्याला ते चांगलंच ठाऊक आहे असं समजावं.