नोंदीचा धनी कोण?

जून १९७०मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी मोठ्या, सामायिक माहितीसाठ्यांसाठी एक नवी रचना सुचवणारा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी बहुतेक प्रोग्रॅमची स्वतःची फाइल असे. एकाच ग्राहकाचा बिलाच्या फाइलमधला पत्ता वेगळा आणि वसुलीच्या फाइलमधला वेगळा, असे सर्रास होई. कॉड यांनी त्यावर उपाय दिला: माहिती तक्त्यांत मांडा, एक गोष्ट एकदाच नोंदवा, आणि ती आत कशी साठवली आहे हे माहीत नसलेल्यालाही ती विचारता येऊ द्या. पुढे जिम ग्रे यांनी ट्रान्झॅक्शनची संकल्पना पक्की केली. एका खात्यातून रक्कम वजा होणे आणि दुसऱ्यात जमा होणे, ही दोन्ही कामे होतील किंवा एकही होणार नाही, अशी हमी डेटाबेसच देऊ लागला. ही हमी इतकी मोलाची होती की तिच्यापायी साऱ्या कंपनीची माहिती एका डेटाबेसात एकवटणे कुणाला महाग वाटले नाही. आज सॉफ्टवेअर छोट्या स्वतंत्र सेवांत विभागण्याच्या, म्हणजे मायक्रोसर्व्हिस पद्धतीचे पुरस्कर्ते प्रत्येक सेवेला क्लाउडवर तिचा स्वतंत्र डेटाबेस द्या म्हणतात, तेव्हा पन्नास वर्षांची वाट उलटी चालल्यासारखी दिसते. माझे मत वेगळे आहे. माहिती किती ठिकाणी ठेवायची, यापेक्षा एखाद्या नोंदीच्या खरेपणाची जबाबदारी कुणी घ्यायची, हा प्रश्न आधीचा आहे, आणि या साऱ्या प्रवासात हळूहळू सुटत गेला तो हाच.

सामायिक डेटाबेसची खरी किंमत उशिरा कळली. १९७२मध्ये डेव्हिड पार्नास यांनी दाखवून दिले होते की प्रोग्रॅमचे भाग पाडताना जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, ते एकेका भागाच्या आत झाकून ठेवावेत. सामायिक तक्ता नेमके उलटे करतो. आतला निर्णय सगळ्यांसमोर उघडा टाकतो. ऑर्डरच्या तक्त्यातला ‘स्टेटस’ नावाचा एक कॉलम घ्या. त्यात ‘नोंदली’, ‘रवाना’, ‘पोहोचली’ अशा तीन अवस्था आहेत. ऑर्डरचे काम पाहणाऱ्या टीमने ‘अंशतः रवाना’ ही चौथी अवस्था घातली. त्यांचा प्रोग्रॅम नीट चालतो, चाचण्या पास होतात. मात्र हिशेब विभागाची एक क्वेरी गेली चार वर्षे त्याच तक्त्यातून थेट ‘रवाना’ ऑर्डरी मोजून बिले काढते आहे. तिला चौथी अवस्था ठाऊक नाही. काहीही बंद पडत नाही, कुठे एररसुद्धा येत नाही. महिनाअखेरीस बिलांचा आकडा तेवढा कमी भरतो. कॉलम कोण वाचते हे डेटाबेस एकवेळ सांगेल, पण वाचणारा त्याचा अर्थ काय लावतो हे तो सांगू शकत नाही. मग तक्त्याला हात लावायला कुणी धजत नाही, आणि दहा वर्षांपूर्वीची रचना धंद्यावर राज्य करत राहते.

ही कोंडी फोडण्यासाठी ॲमेझॉनने घेतलेला निर्णय प्रसिद्ध आहे. २००२च्या सुमारास जेफ बेझोस यांनी सर्व टीमना बजावले की दुसऱ्या टीमच्या डेटाबेसमधून थेट वाचायचे नाही, जे हवे ते तिच्या जाहीर इंटरफेसमधूनच मागायचे. २००६मध्ये ‘एसीएम क्यू’ नियतकालिकासाठी जिम ग्रे यांनीच कंपनीचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगेल्स यांची मुलाखत घेतली. तिथे व्होगेल्स यांनी हे तत्त्व स्पष्ट मांडले: माहिती आणि तिच्यावर चालणारे नियम एकत्र बांधायचे, आणि बाहेरून आत येण्याचा दरवाजा एकच ठेवायचा. ट्रान्झॅक्शनचा पाया घालणाऱ्या माणसासमोर हे सांगितले गेले, हे मला फार बोलके वाटते. एकाच डेटाबेसवर विसंबण्याचा धोकाही पुढे दिसला: २००८च्या ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवणे थांबले. त्यानंतर कंपनी क्लाउडकडे वळली. मार्च २०१४मध्ये जेम्स लुईस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखाने या साऱ्या पद्धतीला ‘मायक्रोसर्व्हिस’ नावाखाली चौकट दिली. तत्त्वाइतकाच पैशाचाही यात हात होता, हे विसरता कामा नये. डेटाबेस म्हणजे महागडा परवाना, खास सर्व्हर आणि तो सांभाळणारा ॲडमिन, असे समीकरण होते तोवर एकच डेटाबेस सगळ्यांनी वापरणे स्वाभाविकच होते. २००९मध्ये ॲमेझॉनची आरडीएस सेवा आली आणि नवा डेटाबेस काही मिनिटांत भाड्याने मिळू लागला. वेगळे राहणे परवडू लागले, म्हणून ते सुचूही लागले.

वेगळे झाल्यावर मात्र देवाणघेवाणीचा प्रश्न दारात उभा राहतो. पहिले उत्तर सोपे असते: हवे तेव्हा एपीआयवरून विचारा. ऑर्डरच्या सेवेने ग्राहकाचे नाव ग्राहकसेवेला विचारावे, किंमत कॅटलॉगला, शिल्लक गोदामाला. थोड्याच दिवसांत यातली गोम दिसते. एक पान दाखवायला पाच सेवांची गरज असेल आणि प्रत्येक सेवा ९९.९ टक्के वेळ सुरू असेल, तर पाचही एकाच वेळी सुरू असण्याचे प्रमाण ९९.५ टक्क्यांवर येते. एकट्या सेवेचा महिन्याचा खंड सुमारे ४३ मिनिटांचा, तर पाचजणींच्या साखळीचा साडेतीन तासांहून अधिक. डेटाबेस वेगळे झाले, पण एकीचा श्वास दुसरीवर अडकलेलाच राहिला.

दुसरे उत्तर लिंक्डइनमध्ये आकाराला आले. जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी तिथे उभारलेली काफ्का ही प्रणाली २०११मध्ये खुली झाली. काफ्काची कल्पना अशी: प्रत्येक सेवेने आपल्याकडे जे घडले ते क्रमाने एका लॉगमध्ये लिहावे, आणि ज्याला गरज असेल त्याने तो लॉग वाचून आपल्यापुरती प्रत ठेवावी. ग्राहकाचा पत्ता बदलला की ग्राहकसेवा तशी घटना जाहीर करते. कुरिअरची सेवा ती वाचून आपल्या डेटाबेसात पत्ता सुधारते. आता ग्राहकसेवा तासभर बंद पडली तरी पार्सले निघत राहतात. यातही एक फट आहे. सेवेने आपल्या डेटाबेसात लिहिले आणि घटना जाहीर करण्याआधीच ती कोसळली, तर आतले सत्य आणि बाहेरचे सत्य कायमची फारकत घेतात. म्हणून जाणते लोक घटना आधी त्याच डेटाबेसातल्या ‘आउटबॉक्स’ तक्त्यात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहितात, आणि तिथून ती उचलून लॉगवर टाकण्याचे काम वेगळ्या प्रोग्रॅमवर सोपवतात. ग्रे यांची हमी इथे मोडीत निघालेली नाही. तिचा आवाका एका सेवेपुरता आवळला गेला आहे, आणि तेवढ्या आवाक्यात ती पूर्वीइतकीच कडक आहे.

प्रती वाटल्या की कॉड यांचा आक्षेप पुन्हा समोर येतो: एकच गोष्ट दहा ठिकाणी लिहिली तर खरी कोणती मानायची? या आक्षेपाचे उत्तर आपल्याकडे गावोगावी वापरात आहे. सातबाऱ्याचा उतारा बँकेत असतो, वकिलाकडे असतो, सोसायटीत असतो. पण फेरफार होतो तो महसुली दप्तरातच, आणि उताऱ्यावर तारीख असते. उताऱ्यात खाडाखोड करून कुणाची जमीन वाढत नाही. पॅट हेलंड यांनी २००५मध्ये सेवेच्या आतली आणि बाहेरची माहिती यांत जो भेद केला, त्याचा गाभा हाच आहे: बाहेर गेलेली माहिती ही कुठल्या तरी क्षणाची असते आणि ती तशीच वाचायची असते. शिवाय जिला आपण प्रत समजतो ती पुष्कळदा प्रत नसतेच. ऑर्डरमध्ये नोंदलेली किंमत कॅटलॉगमधून आलेली असली, तरी ती त्या दिवशी ग्राहकाशी ठरलेला भाव आहे. उद्या कॅटलॉगमध्ये भाव वाढला म्हणून ती बदलता येणार नाही. एकच गोष्ट एकदाच नोंदवा हा नियम इथे मोडलेला नाही, कारण या गोष्टीच दोन आहेत.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशांच्या व्यवहाराचा. दोन डेटाबेसांत मिळून एक काम करायचे आणि मध्येच बिघाड झाला, तर? हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७मध्येच ‘सागा’ नावाने मार्ग सुचवला होता: मोठे काम छोट्या पायऱ्यांत तोडा आणि प्रत्येक पायरीसाठी भरपाईची उलट पायरी आधीच ठरवून ठेवा. बँकांसारख्या ठिकाणी हे चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी यूपीआयकडे पाहावे. देणाऱ्याची बँक आपल्या खातेवहीत रक्कम वजा करते, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा स्विच निरोप पोहोचवतो, घेणाऱ्याची बँक आपल्या खातेवहीत जमा करते. सामायिक डेटाबेस कुठेच नाही. रक्कम वजा झाली आणि समोर जमा झाली नाही, असे अधूनमधून घडतेच. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात ही शक्यता धरूनच नियम घालून दिला: व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही तर व्यवहाराच्या पुढच्या दिवसापर्यंत ती आपोआप परत गेली पाहिजे, त्यापुढे प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई. ताबडतोबीची हमी इथे नाही. चूक किती काळ राहू शकते आणि ती निस्तरायची कुणी, हे मात्र लिखित आहे. सॉफ्टवेअर टीमनी दोन सेवांमधला करार इतका स्पष्ट लिहिला, तर निम्मी भांडणे मिटतील.

हा सारा खटाटोप छोट्या कंपनीला झेपणारा नाही, हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. मोठ्या कंपन्यांनाही तो दर वेळी झेपत नाही. ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओतल्या एका टीमने २०२३मध्ये लिहिले की चित्रफितींची गुणवत्ता तपासणारे त्यांचे साधन छोट्या तुकड्यांत विभागलेले होते आणि तुकड्यांमध्ये चित्रे क्लाउडवरच्या साठ्यातून ये-जा करत. हे सगळे एकाच प्रोसेसमध्ये आणल्यावर खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. ज्या दोन भागांना क्षणोक्षणी एकमेकांची माहिती लागते ते मुळात दोन नव्हेतच, आणि त्यांना एका छपराखाली आणण्यात कमीपणा नाही. नोंदीचा धनी ठरवायला वेगळा डेटाबेस लागतोच असेही नाही. एकाच डेटाबेसात प्रत्येक विभागाचा वेगळा स्कीमा, वेगळा यूजर आणि दुसऱ्याचा तक्ता थेट वाचण्याची आणि त्यावर लिहिण्याची बंदी, एवढ्यानेही काम भागते. याउलट दहा सेवांना दहा डेटाबेस दिले आणि रात्रीची स्क्रिप्ट एकीच्या तक्त्यातून दुसरीच्या तक्त्यात परस्पर लिहीत राहिली, तर जुना सामायिक डेटाबेसच क्लाउडच्या वाढीव बिलासह पुन्हा उभा राहतो.

आपल्या देशात या विचाराला आता कायद्याचीही धार आली आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नागरिकाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याच्या आणि पुसून टाकायला लावण्याच्या अधिकाराची तरतूद आहे. एखाद्या ग्राहकाने तशी मागणी केली, तर त्याचा मोबाइल नंबर ग्राहकसेवेतून पुसणे सोपे आहे. तो ज्या नऊ सेवांनी लॉगमधून उचलून आपापल्या डेटाबेसात ठेवला, तिथूनही तो जायला हवा, आणि लॉगमध्ये तो तसाच राहून चालणार नाही. पुसण्याची घटना जाहीर करण्याची जबाबदारी कुणाची आणि ती पाळली गेल्याची खात्री कोण करणार, हे ठरलेले नसेल तर ती मागणी पूर्ण करता येणार नाही. म्हणून डेटाबेस वेगळे करायला बसलेल्या टीमना माझे सांगणे आहे: क्लाउडवर नवा डेटाबेस उघडण्याआधी प्रत्येक तक्त्यासमोर त्याच्या धन्याचे आणि प्रती घेणाऱ्यांचे नाव लिहा. ज्या तक्त्यासमोर धन्याचे नाव सुचत नाही, तो अजून वेगळा काढू नका.