बोट कुणामुळे गेले?

पॉवर प्रेसवर कामगाराचे बोट तुटते तेव्हा दोन उत्तरे तयारच असतात. घरचे म्हणतात, नशिबात होते. अपघाताच्या नोंदीत लिहिले जाते, कामगाराचे दुर्लक्ष. पहिल्या उत्तरात सगळे दैवाने केले, दुसऱ्यात सगळे एकट्या कामगाराने. दोन्ही उत्तरांची सोय एकच, की यंत्राची चौकशी करावी लागत नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. चाकण, भोसरी किंवा फरिदाबादकडच्या लहान वर्कशॉपमध्ये जुन्या यांत्रिक प्रेसवर कामगार पत्र्याचा तुकडा डायमध्ये म्हणजे साच्यात ठेवतो, पायाने पॅडल दाबतो, रॅम म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग त्यावर आदळतो, मग कामगार तयार झालेला जॉब काढून पुढचा तुकडा ठेवतो. पाळीभर हेच चालते. या प्रेसचा पिन क्लच एकदा गुंतला की रॅम पूर्ण फेरा मारल्याशिवाय थांबत नाही. क्लचची पिन झिजलेली असेल किंवा स्प्रिंग तुटली तर पॅडलवर पाय नसतानाही रॅम पुन्हा खाली येतो, आणि नेमका तेव्हा हात डायमध्ये असतो, कारण जॉब काढायचा तर तो तिथेच घालावा लागतो. धोका दिसून हात मागे घेण्यास माणसाला सेकंदाचा निदान पाचवा भाग लागतो. रॅम तेवढा वेळ देत नाही. अशा वेळी कितीही सावध माणूस असला तरी त्याची सावधगिरी हात वाचवायला पुरत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. पुढे लगेच असेही म्हटले आहे की, असे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याला खरे काही दिसत नाही. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ करतात. त्यात कारखाना आणि प्रेस बसवणे हा अर्थाचा विस्तार आहे, हे मान्य केले पाहिजे. पण विचाराची मांडणी त्याने मोडत नाही. काम होते ती जागा, हाती दिलेले यंत्र आणि ठरवून दिलेली गती ही कारणे कर्ता आणि दैव यांच्याइतकीच खरी आहेत. नशीब म्हणणारा चार कारणे सोडून पाचव्यावर जातो, दुर्लक्ष म्हणणारा दुसऱ्यापाशीच थांबतो.

सगळे नशिबावर न ढकलण्याला बौद्ध परंपरेतही आधार आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात, माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्माचेच फळ असते का, असा प्रश्न येतो. बुद्ध तो पक्ष नाकारतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, बेपर्वा वर्तन, आघात अशी कारणे ते मोजतात आणि कर्मविपाक शेवटी, आठवा ठेवतात. कर्मसिद्धान्त मानणाऱ्यालाही यातून हे मान्य करावे लागते की, झिजलेल्या पिनेचा हिशेब मागच्या जन्मात शोधण्याचे कारण नाही.

अवघड प्रश्न गार्डचा, म्हणजे हात डायपासून दूर ठेवणाऱ्या आडोशाचा आहे. बऱ्याचदा तो कामगारानेच काढलेला असतो. गार्ड लावला की तुकडा ठेवायला वेळ लागतो, नगांची संख्या घटते, आणि मजुरी किंवा पुढच्या महिन्याचे काम त्या संख्येवर ठरते. मग गार्ड काढणे ही त्याची स्वेच्छा म्हणायची का? वादळात जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकणाऱ्याचे उदाहरण ॲरिस्टॉटलने दिले आहे: कृती त्याचीच, पण एरवी तसे कुणी करणार नाही. प्रेसवरच्या कामगाराची इच्छाही अशी मिश्र असते. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मात्र ही गुंतागुंत पुरती पाहिली नाही. कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले आणि त्यातून मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले नाही, तर मालक भरपाईतून सुटत असे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के घट धरली होती. म्हणजे ही अपंगत्वे अंशतः ठरत, आणि बोट गमावणारा नेमका या सवलतीच्या तावडीत सापडे. हे अन्यायाचे होते.

कर्तृत्व पाच ठिकाणी वाटले तर जबाबदारी पातळ होईल, असा आक्षेप घेता येतो. पण वाटणी समान नसते. ज्या कारणावर ज्याची सत्ता, त्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते. आपल्या लक्षावर कामगाराची सत्ता थोडी, आणि दमलेल्या अवस्थेत त्याहून थोडी. डाय, क्लच, पाळीची लांबी आणि नगांचा दर मालक ठरवतो. खंडेनवमीला प्रेसला झेंडूची माळ घालणाऱ्यावर तर साधनाची ही जबाबदारी श्रद्धेनेही येते. ती पार पाडायचे मार्ग अज्ञात नाहीत: दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागणारी बटणे, मध्येच थांबू शकणारा घर्षण क्लच, हात आड येताच रॅम रोखणारा प्रकाशकिरणांचा पडदा. यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची सक्ती तर 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 21 नेच केली.